जलसुरक्षेचा 'अ' दर्जा

दहावीला जलसुरक्षा नावाचा श्रेणी विषय आहे. नाशकात कॉलेज रोडच्या घरांतून तो आईला असतो. रात्री साडेदहाला ती पुठ्ठ्याच्या गंगापूर धरणाला निळा रंग देते, बाबा नेटवरची माहिती छापून आणतात आणि चिरंजीव वहीवर स्वतःचं नाव घालतात. तेही खाडाखोड न करता, हे विशेष.

याच जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत शाळकरी वयात लांबून पाणी भरायची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याचं कांस्यपदक घेऊन आली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांसोबत विहिरी खोदायचा. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला त्यानं नाव वल्हवली. तिच्या हंड्याला किंवा त्याच्या पहारीला कुणी 'अ' श्रेणी दिल्याचं ऐकिवात नाही. प्रकल्पवही नव्हती ना!

आता पालकांना मुलांना कष्टांची सवय नसल्याची चिंता लागलीय. म्हणून पैसे मोजून त्यांना सुट्टीत शेतावरच्या शिबिराला धाडतात. तिथं अर्धा तास निंदणी, मग फोटो, मग मिसळ. सूचनापत्रात 'स्वावलंबन' ठळक अक्षरांत. पाण्याची बाटली विसरली, तर आई स्कूटीवरून आणून देते.