खोकेवाले भाऊजी

आमच्या भाऊजींचं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला कृषी केंद्र आहे. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं. दुकानात आलेल्या शेतकऱ्याला ते आपणहून सांगतात, "पिशवी फोडून पाहा जी, दाणा हातात घ्या, मंग पैसे द्या." हाच माणूस शटर ओढून घरी पोचला की "हात नको लावू बे!" याखेरीज फारसं काही बोलत नाही. कारण मधल्या खोलीत काचेचं कपाट आहे आणि कपाटात व्हिडिओ गेमच्या यंत्रांची खोकी आहेत. त्या कपाटात पूर्वी ताईला लग्नात मिळालेला डिनर सेट असायचा. तो आता पोत्यात बांधून माळ्यावर गेला आहे.

गाव त्यांना खोकेवाले म्हणतं. मध्यंतरी राज्याच्या राजकारणात खोक्यांचा भाव वधारला, तेव्हा तालुक्याला नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबानं हे नाव ऐकून भाऊजींना उठून खुर्ची दिली होती म्हणे.

भाऊबीजेला मी गेलो की जेवणानंतर दर्शन ठरलेलं. आधी हात धुवायचे, कोरडे पुसायचे, पंखा बंद करायचा. किल्ली भाऊजींच्या करदोड्याला असते. पलंगावर धुतलेली चादर अंथरली जाते आणि दोन्ही तळव्यांवर तोललेलं खोकं बाहेर येतं. "कोपरे पाहा, कोपरे!" मी कोपरे पाहतो. मग झाकणाची पुठ्ठ्याची जीभ, मग कंपनीची चिकटपट्टी, मग बारकोड. यंत्र पाहायला मिळत नाही. ते आत आहे यावर श्रद्धा ठेवायची. शेवटी खोक्याभोवतीच्या सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या जातात. या पुड्या ते मूलच्या चपलांच्या दुकानांतून मागून आणतात. नव्या बुटांसोबत पुडी मिळाली नाही, अशी तक्रार गावात सध्या बऱ्याच जणांची आहे.

कपाटातला मानकरी म्हणजे २०१८ सालचा, निळसर आरपार दिसणारा प्लेस्टेशन ४. सोनीची सगळी प्लेस्टेशनं मिळून पन्नास कोटींच्या वर खपली म्हणून कंपनीनं असे फक्त ५०,००० नग काढले आणि प्रत्येकावर त्याचा क्रमांक कोरलेली पट्टी बसवली. भाऊजींच्या पुतण्यानं तो अमेरिकेहून आणून दिला.

"तुमचा नंबर कोणता?" मी विचारलं.

"पट्टी यंत्रावर हाये."

"मग पाहिली नाही?"

"यंत्र खोक्यात हाये ना बे!"

लहान आकडा, सगळे सारखे आकडे, अशा नगांना शौकीन लोक जास्त पैसे मोजतात. म्हणजे त्या खोक्यात कदाचित मोठं घबाड असेल, पण ते पाहायला सील फोडावं लागेल आणि सील फोडलं की भाव पडेल. या पेचात भाऊजी कितीतरी वर्षं अत्यंत सुखात आहेत.

त्याहून जास्त त्यांचा जीव २०१४ च्या राखाडी प्लेस्टेशनमध्ये अडकला आहे. पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला विक्रीला आलं. त्याला वीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं त्या पहिल्या यंत्राच्या राखाडी रंगात १२,३०० नग काढले. बारावा महिना, तिसरी तारीख, म्हणून १२,३००. आतलं यंत्र बाजारातल्या काळ्या नगासारखंच. मी म्हटलं, "फक्त रंगाचेच पैसे?" तर म्हणाले, "तुह्या ताईच्या पैठणीत तरी धागा वेगळा हाये का?" यावर आतून ताईचा आवाज आला, "हाये." विषय तिथंच संपला.

लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी अनोळखी बसला, की भाऊजी निन्टेंडो-प्लेस्टेशनची गोष्ट काढतात. सोनी आणि निन्टेंडो या दोन कंपन्या मिळून एक यंत्र काढणार होत्या. ती साखरपुड्यापर्यंत येऊन मोडलेली सोयरीक. नमुन्यादाखल बनवलेली थोडीशी यंत्रं तेवढी मागं राहिली आणि त्यातलं एक २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत लिलावात ३,६०,००० डॉलरला गेलं. हा आकडा ते मठ्ठ्याचा घोट घेऊन, थांबून सांगतात. शेजारचा विचारतो, "चालते का ते?" इथं भाऊजींचं जेवणावरून मन उडतं.

त्यांच्या आयुष्यातला खरा थरार मात्र एसटीत घडला. १९९५ साली सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह भारतात विकायचा करार शॉ वॉलेसनं केला होता. तीच, दारूवाली. आयात कर ८० टक्के होता, तो चुकवायला ही वाट काढलेली. तरी किंमत १८,००० रुपये. त्या काळात एवढे पैसे खेळण्यावर घालणारी घरं किती असणार? म्हणून ते नग आज दुर्मीळ. असं एक मेगा ड्राइव्ह नागपूरच्या भंगारवाल्याकडे आहे, अशी खबर भाऊजींना मिळाली. साल २०१७. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती. १ एप्रिल २०१५ ला लागलेली, पार २०२१ मध्ये उठली. भाऊजी नागपूरहून परतत होते. उमरेड, भिवापूर मागं पडलं, नागभीडला गाडी खच्चून भरली, तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला. गाडीच्या आवाजावर आवाज चढवून भाऊजी ओरडले, "हाव, शॉ वॉलेसचंच पायजे! सील तुटलं असन तरी चालते! किती आहेत? दोन? दोन्ही ठेव, शनिवारी येतो न्यायले!"

गाडी चिडीचूप. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मान वळवून बराच वेळ पाहिलं. सिंदेवाहीपर्यंत तिघांनी हळूच नंबर मागितला. मूलच्या स्टँडवर उतरल्यावर कंडक्टर मागोमाग आला आणि म्हणाला, "साहेब, शनिवारी माझीच ड्युटी हाये. डिक्कीत जागा करून देतो." शनिवारी त्यानं खरोखर जागा करून दिली. मूलला पोचल्यावर त्यानंच मोठ्या उत्सुकतेनं खोकं उघडून पाहिलं, आत काळं यंत्र आणि दोन वायरी. भाऊजी सांगतात, तो माणूस आजही त्यांना ओळख देत नाही.

जुन्या यंत्रांचं पांढरं-राखाडी प्लास्टिक पिवळं पडतं. ही ऊन-हवेची करणी. उपाय हायड्रोजन पेरॉक्साईडचा, आणि तो कडक उन्हात लागू पडतो. केसांचा रंग उतरवायला ब्युटी पार्लरमध्ये जे क्रीम वापरतात, त्यात ते असतं. भाऊजी पार्लरमध्ये गेले. तिथल्या बाईनं त्यांच्या टकलाकडे पाहून विचारलं, "कोणाले लावायचं हाये, काका?"

"निन्टेंडोले."

मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हाला सगळा महाराष्ट्र शिव्या घालतो. भाऊजी तेवढे खूष असतात. गच्चीवर ताईचे सांडगे, शेजारी प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला क्रीम माखलेला निन्टेंडो, आणि माकडं येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन बसलेले भाऊजी. माकडं आली. त्यांनी सांडगे नेले. निन्टेंडो वाचला म्हणून भाऊजींनी पेढे आणले, ताई दोन दिवस बोलली नाही.

मला विचाराल तर कंपनीनं आकडा ठरवून केलेली टंचाई ही फसवी टंचाई आहे. ५०,००० नग घेणाऱ्या लोकांनी ते पहिल्या दिवसापासून जपलेत. आणखी पन्नास वर्षांनीही त्यातले बहुतेक खोक्यांसकट सापडतील. खरं दुर्मीळ होतं ते लोकांनी मनसोक्त वापरलेलं. निन्टेंडोचं यंत्र आपल्याकडं 'सामुराई' या नावानं विकलं गेलं, आणि मग त्याच्या स्वस्त चिनी नकलांचा पूर आला, पिवळ्या कॅसेटींवर '९९९९ इन १' छापलेलं. आम्ही त्यांच्यावर काँट्रा खेळत मोठे झालो. कॅसेट चालली नाही की फुंकर. त्या फुंकरीतल्या ओलाव्यानं आतली धातूची टोकं गंजायची, पण तेव्हा ती फुंकर म्हणजे अर्धा खेळ होता. यंत्रं मोडली, भंगारात गेली. खोक्यांची तर आधीच विल्हेवाट लागलेली. माझा भाचा अजून अशाच एका चिनी यंत्रावर खेळतो. तेवढं एकच यंत्र कपाटाबाहेर आहे, आणि घरातलं तेवढं एकच चालू आहे की नाही हे नक्की सांगता येतं.

भाऊजींना सामुराईचं यंत्र मागं एका राईस मिलवाल्याच्या गोदामात मिळालं होतं, विनाखोकं. गेल्या हिवाळ्यात बातमी आली की गडचिरोलीजवळ एका घरात सामुराईचं खोकं आहे, विनायंत्र. मला सोबत घेतलं. सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही पोचलो. ओसरीवर आजी धान पाखडत होत्या. खोकं चुलीच्या वरच्या फळीवर होतं, धुरानं काळपटलेलं, आत गच्च सुकट.

भाऊजींनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं. मला म्हणाले, "कोपरे पाहा."

"मंग माही सुकट कायत ठेवू?" आजी म्हणाल्या.

"नवा स्टीलचा डबा देतो, आजी. झाकणाचा. पाच किलोचा."

दुकानात खताच्या गोणीमागे दहा रुपये सोडायला तासभर घेणारा हा माणूस. आजींनी सूप खाली ठेवलं. भाऊजींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडं पाहिलं.

"असंच एक माळ्यावर बी हाये," त्या म्हणाल्या, "पण त्याले कुकर लागते."