सुनेची डबी आणि माईंचा निकाल

शेजारच्या माईंना विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी मलमाची साधी ट्यूबही उघडत नाही. डी. फार्म. होऊन स्वतःच्या मेडिकलच्या काउंटरवर बसणारी बाई त्या काळी साताऱ्यात विरळाच. आता दुकान मुलगा बघतो आणि माई जास्वंदीला पाणी घालता घालता कंपाउंडच्या भिंतीवरून सल्ले देतात. त्यात सल्ला पावशेर आणि गल्लीची खबर तीन पाव, पण सल्ला चोख.

सुनेनं दुबईच्या विमानतळावरून माझ्यासाठी क्रीमची डबी आणली. 'वय थांबवणारी' म्हणे. मी ती भिंतीवर ठेवली तशी माईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि आधी किंमत विचारली. मी सांगितली.

"अगं बाई! एवढ्यात वर्षाचे गहू भरले असते."

"माई, गव्हाचं सोडा. लावू का नको ते सांगा."

त्यांनी खोका उलटा केला. "हे बघा वहिनी, पुढून कधी वाचायचंच नाही. मागची यादी वाचायची. जे जास्त ते आधी, कमी ते नंतर, असा नियम असतो. पहिलं काय? पाणी. दुसरं ग्लिसरीन. मग तेलकट दोन-तीन गोष्टी. आणि ज्याच्या नावानं एवढी किंमत लावली ते कोलॅजन कुठंय? वासाच्या पण खाली!"

"पण आहे ना?"

"असून काय करणार? कोलॅजनचा रेणू चांगला धिप्पाड असतो. कातडीच्या वरच्या थरातून त्याला आत वाट नाही. वरच बसतो, थोडं पाणी धरून ठेवतो, सकाळी तोंड धुतलं की मोरीत."

मला ते पटेना. कारण आदल्या रात्री लावून पाहिलं होतं आणि डोळ्यांखालच्या बारीक रेषा खरोखरच पुसट झाल्या होत्या. तसं म्हटल्यावर माई हसल्या. "होणारच की! कोरडी कातडी ओली झाली की फुगते, बारीक रेषा भरून येतात. खोटं नाही ते. पण ते काम यादीतल्या दुसऱ्या नंबरचं, ग्लिसरीनचं. माझ्या सासूबाई हिवाळाभर ग्लिसरीन आणि गुलाबपाणी लावायच्या, त्याआधी त्यांच्याकडे अफगाण स्नो क्रीमची बाटली असायची. मुंबईत १९१९ पासून बनत होतं ते. बायकांना चेहऱ्याचं वेड काही आज लागलेलं नाही."

मग त्यांनी खोक्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. सुरकुत्या जातील असं तिथं कुठंच नव्हतं, कमी झाल्यासारख्या दिसतील एवढंच होतं. कातडीत खरा बदल घडवतो म्हटलं की ते औषध ठरतं, मग परवाना वेगळा, नियम वेगळे. "ही रेघ फार मोलाची असते," माई म्हणाल्या. "आपल्या पेंढरकरांचं विको टर्मरिक घ्या. औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी १९७८ पासून वाद. कर किती लागणार ते त्यावर ठरणार ना! थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं प्रकरण. कंपनी जिंकली, औषध ठरलं."

"म्हणजे कशाचाच उपयोग नाही?"

"असं कोण म्हणालं? ऊन अडवणाऱ्या क्रीमचा असतो की! कोपऱ्यावरचे आपले एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर, ते दुकानात यायचे. एकदा उजेडात नीट बघा त्यांच्याकडे. डावा गाल साठीचा, उजवा ऐंशीचा. उजव्या गालाची कातडी जाड, खडबडीत, डोळ्याशी खोल घड्या, कोपरापासून खाली हात काळपट. का? जन्मभर उजवीकडची खिडकी. कातडी म्हातारी करणारं ऊन काचेतूनही आत येतं. अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो २०१२ साली डॉक्टरांच्या मासिकात आला होता. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्याचा डावा गाल लोंबलेला. वय सगळ्या अंगाचं एकच की! मग एक गाल पुढं कसा गेला?"

हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता रोज ते फिरायला निघाले की माझी नजर उजव्या गालाकडे जाते. बरं दिसत नाही ते.

उन्हाचा विषय निघाला की माई ऑस्ट्रेलियाला पोचतात. तिकडे नॅम्बोर गावात नऊशेवर माणसांना घेऊन साडेचार वर्षं एक प्रयोग चालला. अर्ध्यांनी रोज न चुकता सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी आपापल्या मर्जीनं. हाताच्या पाठीचे साचे घेऊन कातडीवरच्या रेघा मोजल्या. २०१३ साली निकाल छापून आला. रोज लावणाऱ्यांची कातडी त्या साडेचार वर्षांत फारशी पुढं सरकलीच नव्हती, दुसऱ्यांच्या मानानं वय चढणं २४ टक्के कमी. "आणि गंमत ऐका. त्यातल्याच काहींना गाजरातल्या त्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. कातडीवर फरक शून्य! आता माझ्याच पोराच्या दुकानात सुंदर कातडीच्या पावडरी आणि गोळ्यांचं कपाट भरलंय. मी काही बोलत नाही. धंदा आहे त्याचा."

मी म्हटलं, मीही लावते की सनस्क्रीन, देवळात जाताना. किती लावते ते करून दाखवायला त्यांनी सांगितलं. मी दाखवलं.

"हे गंध झालं, सनस्क्रीन नाही! तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढायची. एवढं तोंडाला आणि मानेला. डबीवर एसपीएफ तीस लिहिलंय ना, तो आकडा एवढं जाड लावल्यावरचा. ठिपका लावून तीस कसले मिळतात? आणि पन्नासच्या मागं धावू नका. तीसवालं नीट लावलं तर जाळणारं ऊन ९७ टक्के अडवतं, पन्नासवालं ९८. वांग असेल तर रंगाची छटा असलेलं घ्या, नुसत्या उजेडानंही वांग गडद होतो. आपल्या सावळ्या कातडीला सुरकुत्या उशिरा, पण डाग आधी."

एवढं झाल्यावर आवाज खाली आला. माईंचा आवाज खाली आला की समजावं, आता काउंटरच्या आतल्या बाजूची गोष्ट.

"कातडी आतून खरी बदलणारी एकच चीज मी विकली. ट्रेटिनॉइन. मुरुमांचं औषध म्हणून अमेरिकेत १९७१ साली मंजूर झालं. क्लिगमन नावाचा डॉक्टर होता फिलाडेल्फियात. मुरुमांसाठी लावणाऱ्या वयस्क बायका त्याला सांगायला लागल्या, डॉक्टर, सुरकुत्या पण मऊ पडल्या. मग त्यानं अभ्यास केला, १९८६ मध्ये छापलं. नवीन कोलॅजन तयार होतं त्यानं, डाग उजळतात. माणूस मात्र... काय सांगू! तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेला. औषध खरं, पण मागचं पान काळं."

"मग मला द्या ना एक ट्यूब!"

"चिठ्ठी आणा स्किनवाल्या डॉक्टरांची. महाग नाही हो, तुमच्या या डबीच्या झाकणाएवढेसुद्धा पैसे पडायचे नाहीत. पण आधी छळतं. तोंड लाल, सालं निघतात, आठ दिवसांत बायका ट्यूब फेकून देतात. रात्रीच लावायचं, वाटाण्याएवढं, एक दिवसाआड. फरक दिसायला महिने जातात. पोटुशी असेल तिनं तर हातही लावायचा नाही. दुकानात रेटिनॉल मिळतं ते याचंच सौम्य भावंड. त्याला चिठ्ठी नको, पण जोरही कमी."

व्हिटॅमिन सीच्या सीरमला त्यांनी अर्ध्या वाक्यात निकालात काढलं: चांगल्या बनावटीचं असलं तर थोडाफार उपयोग, पण आतलं सीरम तपकिरी झालं की बाटली फेकून द्या. माझ्या साय-हळदीला मात्र हसल्या नाहीत. साय म्हणजे स्निग्ध, ओलावा धरते, लावा म्हणाल्या. लिंबू चोळून उन्हात बसणाऱ्यांवर त्या उखडल्या. डाग पडतात वर.

आणि खऱ्या चिडल्या त्या गोरं करणाऱ्या ट्यूबांवर. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळतो की बाई दुसरी ट्यूब न्यायला स्वतः येते, तिसरीला बहिणीला घेऊन येते. मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, हनुवटीवर लव येते आणि ट्यूब बंद केली की आग आग. "मी देत नव्हते चिठ्ठीशिवाय. मग पलीकडच्या दुकानातून न्यायच्या आणि सणाला भेटल्या की माझ्याशी बोलायच्या नाहीत. न बोला! बिननावाच्या डब्यांत तर पारा सापडलाय, मूत्रपिंडं गेलीत लोकांची."

मी सुनेच्या डबीकडे बघितलं. परत करता येणार नव्हती, आणि सूनबाई व्हिडिओ कॉलवर विचारणार, लावता ना आई?

"लावा की," माई म्हणाल्या. "वाईट काही नाही तिच्यात. ग्लिसरीन आहे. चेहऱ्याला पुरलं की उरलेलं टाचांना लावा."

तरी मी विचारलंच, या वयात काही होतं का हो? पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच कातडीतलं तीसेक टक्के कोलॅजन कमी होतं, हे त्यांनीच मागं सांगितलं होतं. डाग उजळतील, पोत सुधारेल, बारीक रेषा मऊ पडतील, पण ओघळलेला गाल कुठल्याही डबीनं वर चढत नाही, असं त्या म्हणाल्या. कपाळावरच्या आठ्यांना क्रीम नाहीच, त्याला सुई. बोटॉक्स. आठ्या पाडणारा स्नायूच ढिला पडतो, कपाळ गुळगुळीत. आणि तीन-चार महिन्यांत असर उतरला की पुन्हा जायचं.

"आपल्याकडे कोण करतंय असलं!" मी म्हटलं.

माईंनी पाण्याचा पाइप खाली ठेवला, गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली आणि भिंतीवर कोपरं टेकली. "तिसऱ्या बंगल्यातल्या वहिनी दर चार महिन्यांनी पुण्याला बहिणीकडे जातात. तुम्हाला काय वाटलं, बहिणीवर एवढी माया आहे?"