वतन खालसा, वारसा कायम

१९५०च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने खालसा झाली तेव्हा कागदाच्या धंद्यातील वंशपरंपरा कायमची निकालात निघाली, असा जो समज सरकारदरबारी रूढ आहे, तो कचेरीच्या फाटकाबाहेरील पत्र्याच्या टपरीसमोर, एकाच सातबाऱ्याच्या चार झेरॉक्स काढण्यासाठी रांगेत तिष्ठणाऱ्या विचारी गृहस्थाच्या मनात फार वेळ टिकणे कठीण आहे. जुन्या नकलनवीसाची पाठ वाकत असे आणि दृष्टी मंदावत असे. पण त्याची शाई बोटांवरच थांबे, पेशींपर्यंत उतरत नसे.

झेरॉक्सची काळी भुकटी म्हणजे वस्तुतः काजळी आणि प्लॅस्टिक यांचे चूर्ण. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील व स्वीडनमधील संशोधकांनी तिला जिवाणूंच्या परीक्षेस बसविले, तेव्हा त्यांच्या जनुकांत फेरफार घडविण्याच्या कामी ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. दोष काजळीतील नायट्रोपायरीन नामक अशुद्धीचा निघाला, उत्पादनाची रीत सुधारली गेली, आणि प्रकरण दप्तरदाखल झाले. जिवाणूंचे सुदैव असे की, दाद मागण्यासाठी त्यांना कोणी तीन प्रतींत अर्ज करावयास लावले नाही.

पुढे कोइंबतुरात प्रत्यक्ष झेरॉक्सवाल्यांचीच तपासणी झाली आणि त्यांच्या पेशींतील डीएनएला इतरांहून अधिक इजा झाल्याची नोंद २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाली. अशी इजा म्हणजे रोग नव्हे, आणि रक्तातील पेशींची जखम संततीकडे वारशाने जात नाही, असा खुलासा शास्त्रज्ञ करतात. ही सावधगिरी शास्त्राला शोभून दिसते. कचेरीला ती नुसतीच सोयीची पडते, कारण ‘सिद्ध झालेले नाही’ याहून स्वस्त शेरा आमच्या दप्तरांत दुसरा नाही.

दरम्यान टपरीतील ताई टोनरची पिशवी यंत्रात रिती करतात, पदराने नाक झाकतात आणि ओझोनच्या उग्र वासात पुढच्या गिऱ्हाइकाचा दाखला काचेवर पालथा घालतात. एक खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा एक पंखा मिळाला, तर पुष्कळ धूळ व वायू परस्पर निघून जाईल. परंतु मागची भिंत सरकारी कुंपणाला लागून असल्याने तीत भोक पाडण्यास हुजूरची मंजुरी हवी. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज करावा, सोबत आधार, भाडेचिठ्ठी व परवाना यांच्या प्रत्येकी तीन साक्षांकित प्रती जोडाव्यात, असा हुकूम आहे. प्रती ताईंना घरच्या घरी निघतील, एवढी सवलत साहेबांनी मोठ्या मनाने मान्य केली आहे.