घाट चढून येणारा मिस्त्री

मशीनला सुया किती, हे वहिनींनी विचारलंच नाही. दुकानदार आपणहून सांगत सुटला होता. पंधरा सुया, मिनिटाला हजार टाके, धागा तुटला की आपोआप थांबते, डिझाइन पेनड्राइव्हमधून घेते. शोरूमच्या मधोमध ती भरतकामाची मशीन लाल कापडावर तुऱ्यासकट मोर काढत होती. मी भारावून बघत होतो. चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ‘भाऊजींना यंत्रातलं कळतं’ असा घरात एक समज आहे. त्या समजापायीच मला छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणलं होतं. वहिनींनी मोर शांतपणे पुरा होऊ दिला आणि मग विचारलं, “बिघडली तं येते कोण?”

“आमचे इंजिनिअर येतात ना, ताई!”

“कुठून?”

दुकानदाराचा पिसारा तिथेच मिटला.

हा प्रश्न कळायला घाट माहीत असावा लागतो. आमचा बुलढाणा जिल्हा दुमजली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव खालच्या मजल्यावर, म्हणजे घाटाखाली. मुंबई-हावडा रेल्वे तिथूनच धावते. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर, आणि या मजल्यावर रेल्वे अजून चढलेली नाही. जालना-खामगाव रेल्वेची बोलणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहेत. एवढी लांबलेली सोयरीक दुसऱ्या कुणी केव्हाच मोडली असती. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून गेला, मुंबई जवळ आली. मिस्त्री मात्र होता तिथेच राहिला. तो सुरतेचा असेल तर भुसावळमार्गे मलकापूर, तिथून एसटीने राजूर घाट चढून बुलढाणा, आणि पुढे पंचवीसेक किलोमीटर चिखली.

आमची पहिली मशीन आम्ही सुया मोजूनच घेतली होती. वर्षभर तिने ब्लाउजच्या पाठींवर इतके मोर काढले की गावात खरे मोर दिसले तर ओळखीचे वाटावेत. मग एका जानेवारीत टोप्यांची ऑर्डर आली. बाराला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती. दीडशे भगव्या टोप्या, प्रत्येकीवर मंडळाचं नाव. आठ तारखेला मशीन रुसली. प्रत्येक अक्षराच्या कडेला खालचा पांढरा दोरा वर डोकावायला लागला. मी विज्ञानाचा माणूस म्हणून वरच्या धाग्याचं टेन्शन पिळून पाहिलं. धागा तुटू लागला आणि वहिनींनी मला स्टूल देऊन लांब बसवलं.

फोन केला. मिस्त्री म्हणाला, निघालोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, तर म्हणाला, “जळगावात आहे.” घरात आनंदीआनंद. निदान जिल्ह्यात तरी शिरला! आमच्याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोदहून घाट चढायला किती वेळ लागेल याचा हिशेबही मी मांडला. संध्याकाळी कळलं, तो खानदेशातल्या जळगावात आहे आणि तिथे त्याला आणखी चार मशीन बघायच्या आहेत. टोप्या शेवटी शेजारणींना जमवून हातानेच भरल्या.

तो आला संक्रांतीनंतर. तिळगूळ खाल्ला, मशीनपुढे बसला, बॉबिन केस काढली. मग खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढून त्याचा कोपरा केसच्या पत्तीखालून एकदा फिरवला. धाग्याचा चिमूटभर भुगा बाहेर पडला. मशीन मुकाट्याने चालू लागली. भुग्यामुळे पत्ती उचलली गेली होती, दोऱ्यावरची पकड सैल झाली होती, एवढंच. येण्याजाण्याचा खर्च धरून बिल किती झालं ते वहिनी अजून दादांना सांगत नाहीत.

शटलवर चालणारं भरतकामाचं यंत्र स्वित्झर्लंडच्या आयझॅक ग्रोब्लीने १८६३ साली काढलं. त्याचं बरं होतं. बिघडलं तर मिस्त्री तोच!

त्या भुग्यानंतर वहिनींनी मशीनची एक वेगळीच वर्गवारी केली. एक मिस्त्रीकडे जाणारी, दुसरी मिस्त्रीला बोलावणारी. घरगुती एका सुईची मशीन पिशवीत घालून एसटीने नेता येते. रंगागणिक धागा बदलत बसावं लागतं, पण ती आपल्या पायाने दवाखान्यात जाते. पंधरा सुयांची व्यापारी मशीन मात्र एकदा घरात बसली की बसली. डिझाइनचं तसं नसतं. जपानच्या ताजिमा कंपनीची डीएसटी फाइल बहुतेक मशीनना वाचता येते, त्यामुळे एकीचा मोर दुसरीवर सुखाने नाचतो. पण एकीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं तर दुसरीचं बसत नाही.

तेव्हा शोरूममधून वहिनी काहीच न घेता परतल्या. पुढचे आठ दिवस त्या चिखलीतच फिरल्या, आणि मोर कुणीच काढून दाखवले नाहीत. कुणाकडे कोणती मशीन, किती वर्षं चालली, बंद पडली तर किती दिवस पडून राहिली, एवढंच विचारत फिरल्या. एकाच बनावटीच्या दोन मशीन गावात निघाल्या. त्यातल्या एका दुकानातला पोरगा हुकचं टायमिंग स्वतः लावतो, आणि पार्ट जालन्यात मिळतात. जालना म्हणजे सकाळची एसटी. सुया बारा, तीन कमी. मी हळहळलो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पोरगा हाये ना जवळ! तीन सुया तुमीच जास्तीच्या धरा.”

त्याच बनावटीच्या मशीनबरोबर त्यांनी दोन बॉबिन केस, एक हुक आणि बेल्ट जास्तीचे घेतले, आणि मशीन यायच्या आधी अर्थिंग नीट करून स्टॅबिलायझर बसवला. आमच्याकडे दिव्याचं तेज दिवसातून तीनदा पालटतं. हजार टाक्यांची मशीन त्या साडेसातशेवरच चालवतात. तीस हजार टाक्यांच्या पाठीला अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं लागतात, पण धागा तुटत नाही.

जुन्या मिस्त्रीचं कार्ड ड्रॉवरमध्ये तेलाच्या बाटलीशेजारी आहे. त्यावरचा नंबर आता लागत नाही. तीन कोपरे झिजलेत, चौथा अजून चांगला आहे.