धरसोड

आमच्या पिकअपचं सगळं काम मी स्वतः करतो. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर म्हणतो तेव्हा घरातली चार माणसं एकदम दुसरीकडे बघायला लागतात. आई जपमाळ ओढते, भाऊ खाकरतो, पुतण्या मोबाइलमध्ये डोकं घालतो आणि बायको चहा टाकायला आत जाते. मग आतून भांडं जरा जोरातच आदळतं.

गाडी वडिलांच्या नावावर आहे. मी शाळेत मराठी शिकवतो. मास्तरच्या नावावर मालवाहतुकीची गाडी बरी दिसत नाही, असं वडिलांचं मत. तासगाव तालुक्यात पावणेदोन एकर द्राक्षबाग असली की जानेवारी ते एप्रिल क्रेट वाहायला गाडी लागतेच. भाव पडला तर तीच द्राक्षं बेदाण्यासाठी नागज-जुनोनीकडच्या शेडवर न्यायची. जाताना चार किलो न्यावं तेव्हा येताना एक किलो हाती लागतं, हा हिशेब गाडीला फार मानवतो. उरलेले आठ महिने शेणखत, औषधाचे बॅरल आणि गावातल्या प्रत्येक लग्नाची भांडी.

कामाला स्वतः हात घालायची बुद्धी झाली ती गॅरेजच्या एका बिलामुळे. त्यात सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘मजुरी ९००’. मी स्टुलावर बसून ती मजुरी होताना डोळ्यांनी पाहिली होती. दोन तासांपैकी पाऊण तास चहात, अर्धा तास फोनवर आणि बाकीचा बराच वेळ दुसऱ्याच एका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालण्यात गेला. प्रत्यक्षात मिस्त्रींनी मोजून बारा नट सोडले आणि बारा लावले. एका नटाचे पंचाहत्तर रुपये. नट मलाही सोडता येतात, असं मी घरी येऊन जाहीर केलं.

“सोडता येतात हो,” बायको म्हणाली, “लावता येतात का?”

दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून पाने आणले. सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत डबल पाने, तेवढेच रिंग पाने, पक्कड, ग्रीसची गन आणि गाडीखाली सरपटायला एक जाड ताडपत्री. ४,२०० रुपये झाले. म्हणजे जवळजवळ पावणेपाच मजुऱ्या. ताडपत्री दोन दिवसांत आईनं शेंगा वाळवायला नेली.

तसा हा गुण आमच्या घराण्यातच आहे. आमच्या आबांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, एक जुनी विलीज जीप घेतली होती. तिचं डावं चाक पंक्चर झालं, तर नट हलेना. आबा टॉमीवर उभे राहिले. मग आबा आणि गडी असे दोघं उभे राहिले. शेवटी तिघं मिळून उड्या मारू लागले, तेव्हा बोल्टच तुटला. त्या जीपच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. तिघं जण तासभर नट सोडत नव्हते, आवळत होते. आबांना हे मरेपर्यंत पटलं नाही. ते म्हणायचे, डावं-उजवं माणसात असतं, लोखंडात कसलं आलंय?

माझं पहिलं काम ऑइल बदलायचं. गाडी थोडी गरम असताना ऑइल काढावं, म्हणजे पातळ होऊन गाळासकट खाली येतं, हे मी वाचलं होतं. ते खरं आहे. गरम ऑइल अतिशय चांगलं खाली येतं. चेंबरचा नट शेवटच्या आट्यावर बोटांनी फिरवताना ते मनगटावरून कोपरात, कोपरातून काखेत आणि तिथून पुढं बनियनमध्ये जातं, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं. नट ऑइलच्या घमेल्यात पडला. तो चाचपून काढला, नवा वायसर घालून लावला आणि वाचलेल्या पैशात नवा शर्ट घेतला.

मग डिझेल फिल्टर. फिल्टर बदलणं सोपं असतं; बदलल्यावर गाडी सुरू करणं अवघड असतं. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की पंप बिचारा दाब द्यायला जातो आणि हवा नुसतीच आक्रसते, डिझेल पुढं जात नाही. मी सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली. तेवढ्यात पारावरची मंडळी धक्का द्यायला आली. बॅटरी उतरलेली असेल तर धक्क्यानं गाडी सुरू होते. लाइनीत हवा असेल तर धक्क्यानं गाडी फक्त पुढं जाते. आमची मारुतीच्या देवळापर्यंत गेली. शेवटी मिस्त्रींना फोन केला.

“सर,” ते म्हणाले, “हात लावला का तुम्ही?”

डॉक्टर ‘काही बाहेरचं खाल्लं का’ विचारतात, तो सूर. मग त्यांनीच फोनवरून सांगितलं, फिल्टरच्या डोक्यावरचं बटण दाबत राहा, शेजारचा बोल्ट जरा ढिला ठेवा, फेस थांबून नुसतं डिझेल आलं की आवळा. पुतण्यानं दोनेकशे वेळा बटण दाबलं, मी आवळलं. गाडी सुरू झाली. देवळासमोर उभ्या असलेल्या बाईनं घंटा वाजवली. ती गाडीसाठी नव्हती, पण मी धरली.

हे सगळं किरकोळ. खरी परीक्षा ब्रेकची झाली.

मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसायला लागली आणि पेडल लोण्यासारखं खाली जाऊ लागलं. ड्रम काढला. आतल्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. ते ६०-७० रुपयांचं किट आणून मी बसवलं, अगदी बरोबर बसवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण सिलिंडर उघडला की ब्रेकच्या लाइनीत हवा शिरते, आणि ब्रेकची हवा एकट्या माणसाला सहजासहजी काढता येत नाही. एकानं वर बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकामागं पडून दहाच्या पान्यानं निपल पाव आटा उघडायचं, बुडबुडे आले की बंद करायचं. मग वरच्यानं पेडल सोडायचं. निपल उघडं असताना वरच्यानं पाय उचलला, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत. म्हणजे सगळी मदार दोनच शब्दांवर: ‘धर’ आणि ‘सोड’.

मी बायकोला हाक मारली.

ती पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी खाली. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. पुतण्या मोबाइलचा उजेड धरून शेजारी. ब्रेक ऑइलचा उघडा डबा हाताशी असावा म्हणून फाळक्याच्या काठावर ठेवलेला. तो डबा लक्षात ठेवा.

“दाब!” मी ओरडलो. “दाब, दाब, दाब... धर!”

“धरलंय!”

मी निपल उघडलं. बुडबुडे आले. तेवढ्यात पुतण्याचा उजेड हलला.

“अरे, नीट धर!”

“धरलंय की हो मघापासनं!” वरून आवाज आला.

“तुला नव्हे गं, ह्याला.”

“मग मी सोडू?”

“सोडू नको!”

गाडीच्या पत्र्यातून, रबरातून आणि सीटच्या फोममधून गाळून वर गेलं ते फक्त ‘सोडू’. तिनं सोडलं. नळीतले बुडबुडे उलटे फिरून माझ्या डोळ्यांदेखत आत गेले.

आज्ञार्थात कर्ता अध्याहृत असतो, हे मी वर्गात बावीस वर्षं शिकवत आलोय. ‘बस’, ‘ऊठ’, ‘धर’, ‘सोड’ म्हटलं की ‘तू’ वेगळं सांगावं लागत नाही. वर्गात हे चालतं. गाडीखाली झोपल्यावर मात्र कर्ता अध्याहृत ठेवण्याची सोय नसते. पुढच्या अर्ध्या तासात मी कुत्र्याला ‘सोड’ म्हणालो, कारण त्यानं माझी चप्पल उचलली होती. बायकोनं पेडल सोडलं. आई ओट्यावरून ‘दूध धरा गं कुणीतरी’ म्हणाली. बायकोनं पेडल धरलं. मध्येच तिच्या माहेरून फोन आला आणि ती एका पायानं ब्रेक दाबून भाचीच्या साखरपुड्याचं बोलत राहिली. मी खालून ‘सोड, सोड’ म्हणत होतो. तिनं विषय सोडला, पेडल नाही.

ब्रेकच्या टाकीतली पातळी खाली गेली की वरूनही हवा शिरते. ती शिरली. पुन्हा पहिल्यापासून.

“उतरा वर,” बायको शेवटी म्हणाली. ‘उतरा वर’ ही वाक्यरचना मी दुरुस्त केली नाही. “तुम्ही बसा पेडलावर. खाली मी बघते.”

“अगं, हे हवेचं काम आहे, जमणार नाही तुला.”

“विहिरीवरच्या मोटरीची हवा कोण काढतं? तुम्ही?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर उन्हाळ्यात फूटव्हॉल्व्ह गळतो, पाइपात हवा धरते आणि ही बाई चाक्या ढिल्या करून, बादलीनं पाणी ओतून ती हवा काढते. तेव्हा मी शाळेत आज्ञार्थ शिकवत असतो.

ती खाली गेली. तिनं नियम केला. धर-सोड बंद. पान्यानं पत्र्यावर एकदा ठोकलं की दाबायचं, दोनदा ठोकलं की पाय उचलायचा, आणि मधे तोंड उघडायचं नाही. टक. मी दाबलं. टक टक. मी सोडलं. सातव्या की आठव्या वेळी पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं थांबलं. वीस मिनिटांत काम झालं. अंगणात पहिल्या गिअरमध्ये गाडी घेऊन ब्रेक मारला. तुळशी वृंदावनाच्या अलीकडे चार हात उभी राहिली. आईनं पाच हात सांगितलं असतं, पण ती डोळे मिटून बसली होती.

आता तो डबा. दुसऱ्या ‘सोड’च्या वेळी गाडी हलली तेव्हा तो फाळक्यावर कलंडला होता. कुणाचंच लक्ष गेलं नाही. ब्रेक ऑइल रंगाला खातं. रात्रभर त्यानं निवांत जेवण केलं. सकाळी मी ओल्या फडक्यानं फाळका पुसला आणि पिवळ्या रंगाचा पापुद्राच फडक्याला लागून आला. आमच्या फाळक्यावर वडिलांनी हौसेनं लिहून घेतलं होतं: ‘आईची कृपा’. त्यातली ‘कृपा’ गेली. उरलं ते फक्त ‘आईची’.

मी त्याच गाडीतून चार दिवस तासगावला ये-जा केली. मागून येणारी गाडी पहिल्यांदा हॉर्न वाजवायची, मग फाळका वाचायची, मग ओव्हरटेक करून माझ्याकडे रोखून बघायची. एक जण तर खिडकीतून वाक्य पूर्ण करून गेला.

गाडीला आठ वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे पासिंग आता दर वर्षी. तारीख तोंडावर आली होती. तपासणीला ‘आईची’ घेऊन उभं राहायची माझी तयारी नव्हती. गावातल्या पेंटरला बोलावलं. तो माझाच विद्यार्थी, दहावीला मराठीत त्रेचाळीस. “सर, तुम्ही जावा शाळेला, संध्याकाळपर्यंत करतो,” म्हणाला. संध्याकाळी आलो तर फाळका झळकत होता. लाल भडक रंग, पिवळी अक्षरं, बाजूला दोन कमळं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘आईची क्रुपा’.

“अरे, हे काय?”

“का? तुम्हीच शिकवलंय की, सर.”

बायको ओट्यावर उभी होती. ती काही बोलली नाही. तिनं फक्त दहाचा पाना उचलून खांबावर दोनदा ठोकला.

ब्रेक ऑइलचा डबा अजून पाव भरलेला आहे. उघडलेलं ऑइल हवेतली ओल ओढतं, ते पुन्हा ब्रेकात घालू नका, असं मिस्त्रींनी बजावलंय. पण रंग काढायला चालतं. उद्या रविवार आहे. मी ते काम स्वतः करणार आहे.