ट्यूब ते तिजोरी : सायकलप्रेमी हस्तकलाकारांसाठी उद्योग-मार्गदर्शन

या उद्योगाला तीन गोष्टींचं भांडवल लागतं : फुटक्या सायकल ट्यूबा, घरातलं जुनं शिलाई मशीन आणि "अगंबाई, किती सुंदर! तू हे विकत का नाहीस?" असं म्हणणारी एक मावशी. ट्यूब आणि मशीन उसनं आणता येतं. मावशी आपलीच लागते. ती स्वतः काही विकत घेत नाही, हे खर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिला पहिला नग भेट जातो आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींना "बघायला" म्हणून आणखी चार.

कोणती कला सायकलला जोडावी, यावर फार वेळ घालवू नये. क्रोशाच्या घंटीटोप्या, क्विलिंगची चाकं, मडगार्डवर वारली, हे सगळं लोकांचं करून झालंय. जुन्या चेनच्या किचेनला गिऱ्हाईक आहे, पण ते वंगण रॉकेलने कितीही धुवा, पुढे कित्येक दिवस पँटच्या खिशात उतरत राहतं. आम्ही ट्यूबच्या पाऊचची शिफारस करतो. कच्चा माल फुकट मिळतो, असा या धंद्याबद्दल सार्वत्रिक समज आहे.

तो समज कसा टिकतो ते पाहू. पंक्चरवाल्याकडे पहिल्यांदा गेलात की तो म्हणतो, "न्या की, कचराच आहे." दुसऱ्यांदा विचारतो, "कशाला लागतात हो?" इथे इच्छुक उद्योजक उत्साहाने मोबाइलवर पाऊचचा फोटो दाखवतो. तिसऱ्या खेपेला किलोचा भाव ठरलेला असतो आणि वजनात टायरचे तुकडेही येतात. फोटो दाखवू नये. विचारलंच तर "झाडं बांधायला" असं सांगावं.

माल ओळखायला शिका. रोडबाइकची ट्यूब चांगली दोन मीटर लांब, पण उभी चिरली तरी पट्टी जेमतेम तीन-चार बोटं रुंद. तिचा पाऊच करायचा तर पट्ट्या जोडत बसावं लागतं. माउंटन बाइकची रुंद, म्हणून तिला मागणी. २८ इंची काळ्या घोड्याची, म्हणजे जुन्या दणकट सायकलची, ट्यूब जाड आणि भरवशाची, पण तिच्यावर इतकी ठिगळं असतात की मूळ रबर शोधावं लागतं. ठिगळं काढू नका. "प्रत्येक नग वेगळा" हे लेबलवर लिहायचं असतं, त्याला पुरावा लागतो.

आता धुणं. ट्यूबच्या आत पांढरी भुकटी असते, ती चिरताना थेट नाकात जाते. बाहेरून रस्त्यावरचं सगळं आलेलं असतंच. साबणाच्या पाण्यात दोनदा घोळवून सावलीत वाळवा. दोरीवर काळ्या ट्यूबा लोंबताना पाहून समोरच्या इमारतीतल्या काकू खिडकी लावून घेतील. रबराचा वास घरात राहील, तो नंतर पाऊचमध्येही राहील. त्याला सुगंध म्हणणारं गिऱ्हाईक अजून भेटलेलं नाही.

शिवताना तीन गोष्टी सांभाळा. रबर मशीनच्या पायाला चिकटतं आणि जागचं हलत नाही, म्हणून वरून पातळ कागद ठेवून शिवा व नंतर तो फाडून काढा, किंवा टाल्कम पावडर मारा. टाके लांब ठेवा. जवळजवळ घातलेत तर रबर शिवणीवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. आणि टाचण्या वापरू नका. कापडाला टोचलेलं भोक मिटतं, रबराला टोचलेलं कायम राहतं. कपड्यांचे चिमटे लावा. शिवण उसवायचीही सोय नाही, त्यामुळे झिप उलटी बसली की तो पाऊच 'डावखुऱ्यांसाठी खास' या विभागात टाकावा.

घरच्यांनी या टप्प्यावर आक्षेप घेतला तर त्यांच्यापुढे इतिहास ठेवा. १९९३ साली झुरिकमध्ये मार्कस आणि डॅनियल फ्रायटाग या भावांनी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची पिशवी शिवली. काठाला सायकलची ट्यूब, पट्ट्याला मोटारीचा सीटबेल्ट. आज त्यांच्या पिशव्या जगभर जातात. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या ग्रॅमी ओब्रीने स्वतः जुळवलेल्या सायकलवर तासाभराच्या अंतराचा विश्वविक्रम मोडला, आणि त्या सायकलीत वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं. हे दुसरं उदाहरण वॉशिंग मशीनपासून लांब उभं राहून द्यावं.

इंग्लंडातल्या नेल्सन गावची कॅराडाइस कंपनी आणखी उपयोगी. ती सायकलच्या कापडी पिशव्या शिवते आणि ज्या कारागिराने पिशवी शिवली त्याची सही आतल्या लेबलवर असते. ही प्रथा जरूर उचला. तुमच्या कारखान्यात कारागीर एकच, तेव्हा झिपचा रनर निसटल्याची तक्रार कोणाकडे करायची याबद्दल गिऱ्हाईकाच्या मनात संभ्रम राहत नाही.

कारखान्याला 'स्टुडिओ' म्हणावं. स्टुडिओ म्हणजे बाल्कनीतली, तुळस आणि कुंडीतला पाइप यांच्यामधली जागा. उद्यम नोंदणी करून टाका. ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारा मधला माणूस भेटला तर त्याचा धंदा तुमच्यापेक्षा बरा चालला आहे एवढं समजावं. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. ती ओलांडली जाईल म्हणून रात्र जागवू नये.

रंगसंगतीत फ्रेंच शर्यतीचा मोह आवरा. 'टूर द फ्रान्स'ची पिवळी जर्सी १९१९ सालची, शर्यत भरवणाऱ्या 'लोटो' या वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदाशी तिचं नातं जोडतात. चढावर अव्वल ठरणाऱ्या 'डोंगरांच्या राजा'ची पांढरी, लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. जाणकार सायकलस्वाराला हे सांगायची गरज नाही. पण दिवाळीच्या प्रदर्शनात येणाऱ्या माणसाला पिवळं अस्तर दिसलं की जेजुरी आठवते, आणि लाल ठिपके पाहून "लहान मुलांसाठी आहे का?" असा प्रश्न येतो. शिवाय ठिपके कोणीही काढावेत, शर्यतीचं नाव आणि चिन्ह मात्र मालकीचं आहे. ते लेबलवर छापू नका.

किमतीचं प्रकरण नीट वाचावं. झिप, रनर, अस्तर, दोरा आणि लेबल मिळून एका पाऊचला साधारण ५० रुपये धरा. पुण्याच्या बोहरी आळीत घाऊक घेतलंत तर थोडं कमी, पण तिथून येताना आणखी चार न लागणाऱ्या वस्तू घेतल्या जातात, तेव्हा ५०च धरा. धुणं, चिरणं, कापणं, शिवणं, सही करणं यात चार तास. किंमत ३५० ठेवली तर तासाला ७५ रुपये पडले. गिऱ्हाईक म्हणतं, "ट्यूब तर फुकटचीच ना? २०० करा." तुम्ही करता, कारण तो आपल्याच ग्रुपमधला असतो. तासाला साडेसदतीस. हा आकडा घरी कामाला येणाऱ्या ताईंसमोर बोलू नये, त्या काम सोडून आधी तुम्हाला बसायला पाट देतील.

घासाघीस करणारा हा गृहस्थ कोण, हेही माहीत असलं पाहिजे. दोन-अडीचशे ग्रॅम वजन वाचावं म्हणून याने सायकलची चाकं बदलली आणि त्यासाठी मोटारसायकलच्या किमतीचे पैसे मोजले, तेही घासाघीस न करता. तोच तुमचा पाऊच तळहातावर तोलून विचारतो, "जरा जड नाही का?" त्याला ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायच्या राइडच्या, भाषेत उत्तर द्या. ऑडॅक्सच्या नियमाने २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस. म्हणजे दहा पाऊचच्या ऑर्डरला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो पुण्याहून निघून घाट चढून उतरून ६०० किलोमीटर पुरे करू शकतो. त्याला हे पटेल. "मग मी एक मोफत घेतो, राइडवर दाखवतो सगळ्यांना," असं तो म्हणेल.

दुकानाच्या पाटीवर 'टाकाऊपासून टिकाऊ' लिहू नये. ते वाचलेला माणूस शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाचे भाव देतो.

विक्रीची उत्तम जागा म्हणजे रविवारी सकाळी खडकवासल्याच्या रस्त्यावर, जिथे सायकलस्वार पोह्यांना थांबतात. तिथे जायचं तर माल गाडीतून न्यावा लागतो. याचा अर्थ रविवारची राइड गेली. शनिवारी धुणं असतं. संध्याकाळी शिवण. सायकलच्या प्रेमाने सुरू केलेल्या या उद्योगात पहिल्या सहामाहीतच सायकल चालवणं पूर्ण बंद होतं, तेव्हा गुडघ्यांना आराम मिळतो. हा फायदा ताळेबंदात दाखवता येत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. सायकलस्वाराकडे पाऊच ठेवायला जागाही नसते. पाठीवरचे तीन खिसे केळी, चिक्की आणि पावसाळी जाकिटाने भरलेले. "पुढच्या रविवारी नक्की" असं म्हणून तो पुन्हा दिसत नाही.

म्हणून मोठ्या ऑर्डरकडे वळा. एखाद्या आयटी कंपनीला पर्यावरण दिनासाठी २०० नग हवे असतात. त्यांच्या अटी : रबराचा वास नको, काळा रंग नको, म्हणजे ट्यूबच नको, कापडी चालेल, वर कंपनीचा लोगो आणि खाली बारीक अक्षरात 'पुनर्वापर'. माल बुधवारपर्यंत टेम्पोने पोचवावा. होकार द्या. २०० नगांचं अस्तर आणि झिप उधारीवर मिळत नाहीत, आणि कंपनी पैसे देते ते नव्वद दिवसांनी.

राहिला प्रदर्शनातला स्टॉल. पाऊच टेबलावर मांडून कोणी थांबत नाही, मागे उभी केलेली तुमची सायकल मात्र हवी. हँडलवर दोन पाऊच लटकवा, चेन पुसून चमकवा. वापर नसल्याने ती अगदी नव्यासारखी दिसत असते. दुपारी एक गृहस्थ येतील. पाऊच बाजूला सारून गिअर बघतील, सीट दाबून पाहतील, किंमत विचारतील. तुम्ही जी सांगाल तिला ते "ठीक आहे" म्हणतील आणि मोबाइल काढून क्यूआर कोड कुठे आहे ते विचारतील. त्या रकमेत २०० पाऊचचं अस्तर, झिप आणि टेम्पोचं भाडं आरामात निघतं. पावती देताना 'वाहन' असं न लिहिता 'प्रदर्शनीय वस्तू' असं लिहा, आणि हँडलवरचे दोन पाऊच आठवणीने काढून घ्या. गृहस्थ त्या पाऊचचे पैसे वेगळे द्यायला तयार नसतात.