खारेसाहेबांच्या घरचं आजारपण

खारेसाहेबांचं आडनाव खारे नाही. खरं आडनाव आता सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर तेवढं उरलं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी बसवून तिच्यात खारं पाणी भरलं. वॉचमन कुरिअरवाल्यांना सांगू लागला, 'वो खारे पानीवाले साहब, तिसरा माला.' पुढं पाणी आटून मीठ तळाशी राहावं तसं त्यातलं 'पानीवाले' उडून गेलं आणि 'खारे' तेवढं शिल्लक राहिलं. गेल्या दिवाळीत मिठाईच्या खोक्यावर 'श्री. व सौ. खारे' असं आलं. वहिनींनी ते मुकाट्यानं ठेवून घेतलं.

मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणजे साडेतीनशे लिटर समुद्र माझ्या डोक्यावर आहे. या लेखातला तटस्थपणा तेवढा कमी धरावा.

ही माणसं आता सगळीकडे सापडतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यांना 'तुमच्याकडे मासे आहेत ना?' असं विचारावं. चेहरा पडतो. 'मासे आहेत, पण मुख्य म्हणजे रीफ आहे,' असं उत्तर येतं. गोल्डफिशवाल्यांना ते गल्ली क्रिकेटमध्ये जमा करतात. ज्योतिषानं सांगितलं म्हणून ईशान्य कोपऱ्यात अरोवाना पाळणाऱ्यांची त्यांना कीव येते. बोटं कायम पांढुरकी, खिशात थर्मामीटर, आणि बोलता बोलता नजर तुमच्या खांद्यावरून टाकीकडे. घरचं कोणी तापलं तर पाठीवरून हात फिरवून 'होईल बरं' म्हणतात. टाकीचं तापमान सव्वीसवरून सत्तावीसवर गेलं की ऑफिसातून फोन करतात.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. गच्चीवर उभं राहिलं की हायवेपलीकडची मिठागरं दिसतात. आणि हा गृहस्थ मीठ आणतो परदेशातून, बादलीनं, हजारो रुपये मोजून. टाकी एकदा भरायला बारा किलो. मी एकदा धीर करून मिठागरांकडे बोट दाखवलं. त्यावर पाऊण तास ऐकावं लागलं. त्यातलं सार असं, की समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा सगळा गोतावळा असतो. मिठागरात मिठाचे खडे धरले की उरलेलं कडू पाणी सोडून देतात, आणि मॅग्नेशियम जातं त्या पाण्याबरोबर. 'म्हणजे मला हवं ते ही मंडळी टाकून देतात!' असं म्हणून त्यांनी मिठागरांकडे असं पाहिलं, की वाटलं उद्या बादली घेऊन तिथं उभे राहतील.

तर या टाकीत दोन क्लाउनफिश होते. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' आला आणि जगभरच्या पोरांनी आईबापांकडे हाच नारिंगी-पांढरा मासा मागितला. खारेसाहेबांच्या पोरानं मात्र सायकल मागितली होती. असो. निसर्गात हा मासा समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांमध्ये घर करून राहतो. समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, दिसतं फुलासारखं, पण असतं प्राणी. मासे आहेत आणि घर नाही, ही गोष्ट मुंबईच्या माणसाच्या काळजाला लागणारच. टाकी निदान सहा महिने मुरल्याशिवाय ॲनिमोन आणू नये असं जाणकार म्हणतात. खारेसाहेब चार वर्षं थांबले. एवढा संयम त्यांनी लग्न ठरवतानाही दाखवला नव्हता, असं वहिनी सांगतात.

एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटे विमानतळाच्या कार्गोतून थर्माकोलचं खोकं आलं. आत दुहेरी प्लॅस्टिकची पिशवी, अर्धी पाणी, अर्धी ऑक्सिजन. दुकानदाराचं नाव मी लिहीत नाही. त्यानं फोटो पाठवला होता तो बोटांच्या टोकांना बुडबुडे आलेल्या, तांबूस, टपोऱ्या फुलाचा. पिशवीत होतं ते रात्रभर भिजत ठेवलेल्या हातमोज्यासारखं काहीतरी. पांढरंफटक, सुरकुतलेलं, तोंड आ वासलेलं.

'पांढरं छान दिसतंय की,' मी म्हणालो.

'छान? पोटभाडेकरू निघून गेलेत त्याचे!'

प्रकरण असं आहे. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं. तेच उजेडावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला वाढतं. मालकाचा रंग म्हणजे बराचसा या भाडेकरूंचा रंग. प्रवासात अंधार, उष्मा, घाण पाणी असा जाच झाला की भाडेकरू घर सोडतात, आणि मागं पांढरा, उपाशी मालक उरतो. पागडीच्या घरात आयुष्य गेलेल्या मला हा सारा व्यवहार उलटा वाटला, पण मी गप्प राहिलो.

पिशवी उघडण्यावरून या पंथात दोन शाखा आहेत. एक थेंबवाले, दुसरे झटपटवाले. थेंबवाले टाकीचं पाणी थेंबाथेंबानं तासभर पिशवीतल्या पाण्यात सोडतात, म्हणजे खारेपणातला फरक हळूहळू अंगवळणी पडतो. झटपटवाले म्हणतात, प्रवास लांबला असेल तर तेवढी उसंत नसते. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्यामुळंच आत साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून असतो. पिशवी फोडली, वायू उडाला, की तोच अमोनिया विषारी होऊन उठतो. खारेसाहेब दोन्ही शाखांना मानतात. परिणामी त्यांनी अर्धा तास थेंब सोडले आणि तो सगळा अर्धा तास 'घाई करायला हवी' असं म्हणत येरझारा घातल्या.

थेंबांसाठी त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सलाईनची नळी आणली होती. इथून सोसायटीत घोटाळा सुरू झाला. सकाळी सातला माणूस सलाईनचा सेट घेऊन धावत जिना चढतो. दहा वाजता बँकेत फोन करून 'घरात आजारपण आहे' म्हणून रजा टाकतो. अकराला पहिल्या मजल्यावरच्या काकू मोसंबी घेऊन आल्या. दुपारी सेक्रेटरी आले. त्यांना वाटलं आजी. आजींनीच दार उघडलं. मग त्यांना वाटलं वहिनी. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. शेवटी त्यांना मुलाच्या खोलीत नेलं. तिथं अभ्यासाच्या टेबलावर चाळीस लिटरची काचेची पेटी ठेवून तिचं इस्पितळ केलं होतं आणि मुलगा दहावीच्या पुस्तकांसह हॉलमध्ये निर्वासित झाला होता. सेक्रेटरींनी पेशंटकडे बराच वेळ पाहिलं. 'पंखा लावा जरा,' म्हणाले, आणि गेले.

औषधाचा भाग तर मी प्रत्यक्ष पाहिला. आजारी ॲनिमोनला जंतुसंसर्ग असावा अशी शंका आली, की या पंथातले लोक सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. तीच ती आपण पोट बिघडल्यावर घ्यायची गोळी. दहा गॅलनला, म्हणजे सुमारे अडतीस लिटरला, अडीचशे मिलिग्रॅम. रोज पाणी पूर्ण बदलायचं आणि नवा डोस टाकायचा. शिवाय हे औषध उजेडात निकामी होतं, म्हणून डोस दिवे मालवल्यावर. आणि दिवसा दिवे चालू, कारण जे दोन-चार भाडेकरू उरलेत ते तरी टिकले पाहिजेत. केमिस्टनं चिठ्ठी मागितली. खारेसाहेब मला घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेले.

'काय होतंय?' डॉक्टरांनी विचारलं.

'तोंड सारखं उघडं. अंगात त्राण नाही. रंग पूर्ण गेलाय. काल रात्रीपासून पकडच नाही कशावर.'

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. 'मग इथं काय बसलात? ॲडमिट करा! पोट साफ आहे का?'

'त्याला एकच तोंड असतं, डॉक्टर. खाणंही तिथून आणि... बाकीचंही तिथूनच.'

डॉक्टर सावकाश खाली बसले. बँकेची रजा, झोप, कुटुंबातलं वातावरण असे प्रश्न त्यांनी खारेसाहेबांनाच विचारायला सुरुवात केली. सगळा उलगडा झाल्यावर मात्र चिठ्ठी द्यायला साफ नकार दिला. अँटिबायोटिक अशी बादलीनं ओतली की जंतू शहाणे होतात आणि मग माणसांना गोळी लागू पडत नाही, हे त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं. मला ते पटलं. खारेसाहेबांनाही पटलं असावं, कारण ते तिथून सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते गृहस्थ आयुष्यभर कुत्री-मांजरं बघत आलेले, कंटाळलेले असावेत. त्यांनी चिठ्ठी दिली. पेशंटच्या रकान्यात 'फूल' लिहिलं, मग खोडून 'मासा' केलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

पण खरा आजार खारेसाहेबांच्या हातात होता. या प्राण्याची शुश्रूषा म्हणजे स्वच्छ पाणी, बेताचा उजेड आणि बाकी काही न करणं. पाणी आणि उजेड त्यांना येतं. काही न करणं येत नाही. दर दहा मिनिटांनी कोपरापर्यंत बाही वर जायची. तळपाय जरा खडकाकडे सरकवू का? तोंडाशी लागलेला तो धागा काढू का? ॲनिमोन दिवसातून केव्हातरी सगळं पाणी बाहेर टाकून मनुकेएवढं होतं, तपकिरी घाण ओकतं आणि तास-दोन तासांत परत फुगतं. निरोगी असलं तरी करतं. हे त्यांना पाठ होतं. तरी पहिल्या रात्री तीन वाजता ते मनुकेएवढं झालं, तेव्हा मला उठवायला खाली आले. आम्ही दोघं टॉर्च घेऊन बसलो. साडेचारला ते फुगलं. खारेसाहेबांनी डोळे पुसले. मी आपला जांभई दिली असं दाखवलं.

मग खायला घालण्याचा प्रश्न आला. आजारी माणसाला उपाशी ठेवायचं हे आपल्याकडे कुणालाच सोसत नाही. घर शाकाहारी, तरी फ्रीजरमध्ये, वरून बर्फाचा ट्रे ठेवून, कोळंबी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा चिमट्यानं तोंडाशी नेला. दोन तासांनी तो जसाच्या तसा बाहेर आला, आणि पाणी नासलं ते वेगळंच. त्या वासावरच आजी खोलीत आल्या. वय ब्याऐंशी, चार बाळंतपणं, दोन टायफॉइड आणि एक अर्धांगवायू घरच्या घरी काढलेल्या. पेशंटकडे पाहिलं, मुलाच्या ओल्या बाहीकडे पाहिलं.

'पडू दे त्याला गप. लंघन घाल. आणि तू बाहेर हो.'

खोलीला बाहेरून कडी लागली आणि किल्लीच्या जुडग्यासारखी ती कडी आजींच्या ताब्यात गेली. रोज रात्री पाणी बदलायला आणि गोळी विरघळवायला अर्धा तास मुभा; हात मनगटाच्या वर भिजता कामा नये. खारेसाहेब बाहेर सोफ्यावर बसून आम्हाला 'ग्रॅनी'ची गोष्ट सांगायचे. १८२८ साली सर जॉन डॅलिएल नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं समुद्रकाठच्या खडकावरून एक ॲनिमोन उचलून घरी काचेच्या भांड्यात ठेवलं. १८५१ मध्ये डॅलिएल वारले. ॲनिमोन वारलं नाही. ते वारसाहक्कानं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि १८८७ पर्यंत जगलं. खारेसाहेबांनी पोराकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. पोरानं भूमितीचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

मी सहज म्हणालो, की माझ्या भाच्यानं हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला अशीच समुद्रफुलं पाहिली होती. उघड्यावर, एप्रिलच्या उन्हात, मुंबईच्या त्या पाण्यात, अगदी टुणटुणीत.

खारेसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच विचारलं, 'नायट्रेट किती असेल हो तिथं?'

नवव्या दिवशी सकाळी सहाला वरून आरोळी आली. मी चप्पल न घालता धावलो. तोंड मिटलं होतं, बोटं ताठ झाली होती. आजींच्या परवानगीनं मला एक बोट लावू दिलं. चिकट लागलं, मांजरानं चाटावं तसं. ही त्याच्या डंखपेशींची पकड. म्हणजे जीव परत आला. गोळीनं बरं झालं, रोज बदललेल्या पाण्यानं, की कडीनं, यावर त्या घरात दोन तट आहेत. माझं मत कडीला.

मग ते मोठ्या टाकीत गेलं. सोफ्यासमोर, बरोबर मध्यभागी, दिव्याखाली खास खडक रचला होता. पाणी ढवळणाऱ्या पंख्यांना जाळी बसवली होती, कारण ही मंडळी रात्री चालतात आणि पंख्यात सापडून चिंध्या होतात. त्या रात्री ते चाललंच. सकाळी खडक रिकामा. ते मागच्या काचेजवळच्या कपारीत पाय रोवून, हॉलकडे पाठ करून बसलं होतं. ओढावं तर पाय फाटतो, म्हणून ओढता येत नाही. आता ते पावसाळ्याआधीच तांबूस झालंय, चांगलं बशीएवढं पसरतं. क्लाउनफिश त्याच्याकडे फिरकलेले नाहीत. काच पुसायच्या चुंबकालाच बिलगून झोपतात.

टाकीमागं स्वयंपाकघराचं दार आहे. ॲनिमोन फक्त तिथून, ओट्याला टेकून उभं राहिलं तर दिसतं. बघायला जरूर या, खारेसाहेबांना आनंदच होईल. फक्त सकाळी नऊच्या आत येऊ नका. वहिनींच्या पोळ्या चालू असतात आणि ओट्याजवळ आधीच एक माणूस उभा असतो.